अर्ध्या स्वराची मालकी

मटार आला की माझं डोकं फिरतं.

खरं तर इतके छान दिवस असतात ते. जबलपुरात, चेरीतालच्या आमच्या गल्लीत सकाळी धुकं असतं. मझौलीकडची पोती बाजारात उतरतात, हातगाड्यांवर हिरवे ढीग लागतात आणि "मटर ले लो, मटर" ही हाक धुक्यातून आधी येते, माणूस नंतर दिसतो. दुपारी गच्चीवर चटई, चटईवर परात, परातीभोवती घरातल्या आणि शेजारच्या बायका. शेंग दाबली की टक् आवाज होतो. पहिले कोवळे दाणे परातीत जातच नाहीत, तोंडात जातात. संध्याकाळी कुणाकडे उसळ, कुणाकडे वाटलेल्या मटाराचा निमोना, कुणाकडे करंज्या. पाठीवर ऊन घेत बसलेल्या बाईला आणखी काय पाहिजे?

पण पहिली परात भरता भरता मला दोन हिवाळ्यांपूर्वीचे ते दिवस आठवतात आणि माझे कान तापायला लागतात. घरचे ओळखून आहेत. आमचे हे फॅक्टरीतून रिटायर झालेले, शांत गृहस्थ. ते पेपरातून डोकं वर न काढता म्हणतात, "चलो, मटर आला. आता हिचा पारा चढणार."

चढणारच. काहून नाही चढणार?

आमच्या घरात यांच्या आत्या राहतात, मालूआत्या. लग्न केलं नाही, मुलींच्या शाळेत जन्मभर संस्कृत शिकवलं, आणि घरी आल्यावर दिलरुबा वाजवला. हे वाद्य आता फारसं कुणी पाहिलेलं नसतं. सतारीसारखे पडदे, पण वाजवायचं मात्र गजाने, सारंगीसारखं. मी लग्न होऊन आले तेव्हा थोडं व्हायोलिन वाजवायची. सासरी पहिल्याच आठवड्यात आत्यांनी मला समोर बसवून म्हटलं होतं, "स्वयंपाक येतो का ते बाकीचे विचारतील. मला सा लावून दाखव." त्या दिवसापासून आमचं जमलं.

जबलपूरला भूकंप झाला तेव्हाची गोष्ट. घरांना भेगा गेल्या होत्या, आत जायची कुणाची हिंमत नव्हती. सगळी गल्ली मैदानात ताडपत्र्यांचे तंबू ठोकून राहिली. घरातून पळताना मी मुलाला उचललं, यांनी कागदपत्रांची पेटी उचलली आणि आत्यांनी दिलरुबा. सासूबाई नंतर कितीतरी महिने त्यावरून बोलायच्या. पण त्या रणरणत्या दिवसांत, ताडपत्रीच्या सावलीत, आत्यांनी एक गत बांधली. राग भीमपलास, ताल रूपक. ती सुरू झाली की आजूबाजूच्या तंबूंतली रडकी पोरं गप्प व्हायची, मोठी माणसं बोलता बोलता थांबायची. त्या गतीतला कोमल गंधार एका जागी उभा राहत नाही, मध्यमाकडून हळूच खाली येतो आणि झुलतो. मी एकदा विचारलं तर म्हणाल्या, "जमीन हलून राहिली होती बाई. गंधार तेवढा स्थिर कसा ठेवू?"

घरात आम्ही तिला तंबूतली गत म्हणायचो. आत्यांनी आयुष्यात स्वतःची अशी ती एकच रचना केली.

मग वय झालं. आत्यांचा उजवा हात थरथरायला लागला. गज तारेवर ठेवला की तार किरकिरायची. एक दिवस त्यांनी दिलरुबा पुसला, गवसणीत घातला आणि कपाटावर ठेवायला यांच्या हातात दिला. त्या रात्री आत्या नीट जेवल्या, नेहमीसारखा बातम्यांवर वाद घातला. पण त्यानंतर घरात गुणगुणणं बंद झालं. ते आम्हाला फार उशिरा कळलं. थांबलेला आवाज लगेच ऐकू येत नाही.

दोन हिवाळ्यांपूर्वी, असाच मटार आला असताना, सौरभ तांबे घरी आला. आमच्या मागच्या गल्लीतला मुलगा. मुलगा म्हणते, पण पस्तिशीचा आहे. पुण्याच्या कंपनीची नोकरी इथे घरी बसून करतो. कीबोर्ड चांगला वाजवतो. संक्रांतीला आमच्या मराठी मंडळाचा वार्षिक कार्यक्रम असतो, त्यात त्याला वृंदवादन करायचं होतं. व्हायोलिनला मी, बासरीला एक कॉलेजातला मुलगा, कीबोर्डला तो स्वतः, आणि क्लॅरिनेटला शुभांगी. शुभांगी बँकेत अधिकारी, शहराच्या सदर भागात राहते. कॉन्व्हेंट शाळेच्या बँडमध्ये क्लॅरिनेट शिकली, ते लग्न-मुलं-नोकरी सगळ्यातून तिने टिकवलं.

"काकू, कुछ अपना वाजवू ना," सौरभ म्हणाला. "सिनेमातलं तर सगळेच वाजवून राहिले."

मीच म्हटलं, आत्यांची गत घे. हो, मीच.

तो लॅपटॉप घेऊन गच्चीवर आला. आम्ही मटार सोलत होतो. आत्या शाल गुंडाळून खुर्चीत बसल्या होत्या. त्यांनी गत गाऊन दाखवायची आणि सौरभने ती पडद्यावर लिहायची, असं चाललं. त्याच्या लॅपटॉपमध्ये स्वरलेखनाचं सॉफ्टवेअर होतं. पाच आडव्या रेषा, त्यावर काळे ठिपके. त्याने एक कळ दाबली आणि आत्यांची गत लॅपटॉपमधून वाजायला लागली. आत्या दचकल्या. मग पुढे वाकून त्या पडद्याकडे बघत राहिल्या. रेषांवरून एक निळी पट्टी सरकत होती आणि ती जिथे जाई तिथला स्वर वाजत होता. कितीतरी दिवसांनी त्यांचं बोट मांडीवर मात्रा मोजायला लागलं. मला भरून आलं. उगाच कशाला खोटं बोलू, त्या दुपारी मला सौरभला काय देऊ नि काय नको असं झालं होतं.

आत्यांची पट्टी काळी एक. ती व्हायोलिनला आणि बासरीला अडचणीची पडत होती, म्हणून सौरभने सगळं अर्ध्या स्वराने वर, पांढरी दोनमध्ये नेलं. एक खिडकी उघडली, त्यात किती वर न्यायचं ते निवडलं, कळ दाबली. सगळे ठिपके एकदम उडी मारून दुसऱ्या रेषांवर जाऊन बसले. मी शाळेत गणित शिकवायची तेव्हा वर्गात पोरं बाक बदलायची, त्याला याच्यापेक्षा जास्त वेळ लागायचा.

क्लॅरिनेटचा कागद मात्र वेगळाच निघाला. आत्यांनी चष्मा लावून तो बघितला. "हिच्या कागदावर वेगळे स्वर काहून?"

शुभांगीने समजावलं, "आत्या, माझ्या वाद्याची बनावटच तशी आहे. मी कागदावरचा सा फुंकला की ऐकू येताना तो एक पूर्ण स्वर खाली येतो. म्हणून माझ्यासाठी आधीच एक स्वर वर लिहितात. मग सगळ्यांबरोबर बरोबर वाजतं."

आत्यांनी विचार केला. "म्हणजे खोटं लिहायचं, की खरं वाजतं."

सगळे हसलो. सौरभ सगळ्यात जास्त हसला.

त्याच दुपारी पहिली ठिणगी पडली होती, पण मी तिच्याकडे लक्ष दिलं नाही. लॅपटॉपमधला गंधार सरळ वाजत होता, टेबलावर डबा ठेवल्यासारखा. आत्या पुन्हा पुन्हा गाऊन दाखवत होत्या, "असा नाही. वरून ये. झुलव." सौरभ दोनदा ऐकून म्हणाला, "आत्याजी, इसमें इतना ही आता है." आत्या खुर्चीत मागे टेकल्या. मशीनला येत नाही म्हटल्यावर माणूस काय बोलणार? पुढे मला कळलं की येतं. घसीट लिहिता येते, कंप लिहिता येतो, स्वर थोडा खाली ओढून ठेवता येतो. एकेका ठिकाणी बसून करावं लागतं एवढंच. सॉफ्टवेअरला येत होतं. त्याला करायचं नव्हतं.

तालमी मंडळाच्या हॉलमध्ये सुरू झाल्या. पहिल्या तालमीला सौरभने सगळ्यांना छापील कागद वाटले. गुळगुळीत, देखणे. मी स्टँडवर लावला आणि वर बघितलं. मधोमध मोठ्या अक्षरांत इंग्रजीत लिहिलं होतं, "मार्बल ड्रीम्स". आणि उजव्या कोपऱ्यात, जिथे संगीतकाराचं नाव येतं तिथे, सौरभ तांबे.

मला वाटलं, चुकून दुसरा कागद आला. वाजवून बघितलं. तंबूतली गत!

"सौरभ, इथे आत्यांचं नाव राहिलं बेटा."

"नाही काकू, राहिलं नाही," तो कीबोर्डच्या वायरी जोडत म्हणाला. "ओरिजिनल तो एक लाइन की धुन थी. त्याचे चार पार्ट्स मी बनवले. स्केल चेंज केला, ट्रान्सपोज केला, कॉर्ड्स टाकले. पूरा स्कोर मेरा है."

"मांडणी तुझी आहे. मांडणी म्हणून तुझं नाव टाक ना. मोठ्या अक्षरात टाक. रचना आत्यांची आहे."

"अरेंजर को कौन पूछता है, काकू?"

तो हे हसून म्हणाला. तेच मला सहन झालं नाही. अर्धा स्वर वर सरकवलं, म्हणून रचना याची? शेजारच्या घरात जाऊन त्यांची खुर्ची अर्धा फूट सरकवली तर ती खुर्ची आपली होते का? एका बाईने हादरणाऱ्या जमिनीवर बसून बांधलेली गत, तिला याने एका कळीने उचलून शेजारच्या पट्टीत ठेवलं, आणि वर तिचं नावही पुसलं. मार्बल ड्रीम्स म्हणे! भेडाघाटचे संगमरवरी खडक दाखवून टूरिस्टाला विकायचं नाव. त्या गतीत संगमरवर नव्हता. ताडपत्री होती, धूळ होती, उन्हाने तापलेल्या माठातलं पाणी होतं.

आणि मला सगळ्यात जास्त राग कशाचा येतो सांगू? बाईचं काम पुसताना कुणालाही वाटत नाही की आपण काही पुसतो आहोत. आजीचं लोणचं, आईची ओवी, आत्याची चाल. ते सगळं घरचं, म्हणजे कुणाचंच नाही, म्हणजे जो आधी छापेल त्याचं.

मी मंडळाच्या कार्यवाहांकडे गेले. भागवतकाका. भला माणूस, कुणाशी वाकडं नको असणारा. त्यांनी मला चहा पाजला.

"वहिनी, आपलंच तर आहे सगळं. सौरभ आपला, आत्याबाई आपल्या. नावात काय ठेवलंय?"

"मग आत्यांचं ठेवा," मी म्हटलं. "नावात काही नाही ना?"

काकांनी कप बशीत ठेवला. मग म्हणाले, "बॅनर छापून झालं हो. चलो, मी काहीतरी करतो. तुम्ही संक्रांतीच्या तोंडावर कडू होऊ नका."

संक्रांतीला गोड बोलायचं असतं, हे त्या पंधरवड्यात मला कितीतरी जणांनी ऐकवलं. सौरभला कुणी एकदाही ऐकवलं नाही. त्याला बोलायची गरजच नव्हती, त्याचं नाव छापून झालं होतं. गोड बोलायचं काम नेहमी ज्याचं गेलंय त्याच्याकडे येतं.

घरी आले आणि आत्यांना सांगितलं की मी वाजवणार नाही. व्हायोलिन नाही तर गत उभी राहणार नाही, बघू काय करतो तो. मला वाटलं आत्या पाठीवर हात ठेवतील. त्या मटारच्या शेंगा निवडत होत्या. थरथरत्या हाताने शेंग सोलायला वेळ लागतो, पण कुणी मदत केलेली त्यांना चालत नाही.

"राहू दे, नंदा," त्या म्हणाल्या.

"राहू दे कसं? तुमची आहे ती."

"माझी आहे म्हणूनच म्हणते. माझ्या हातात गज राहत नाही. तू भांडलीस आणि त्याने कार्यक्रम रद्द केला, तर ती कोण वाजवणार? मी गेल्यावर? नावासकट माझ्याबरोबर जाऊ दे म्हणतेस का?"

"पण आत्या, अन्याय आहे हा."

"आहेच. मी कुठे नाही म्हटलं?" त्यांनी एक शेंग मोडली. "पण मला ती एकदा ऐकायची आहे. माणसांच्या हातून. त्या डब्यातून नाही."

मी खाली जाऊन खूप वेळ भांडी घासली. घासलेलीच पुन्हा घासली. हे स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभे राहिले. "तू काहून बीपी वाढवून राहिली? आत्यालाच काही नाही तर..." मी वळून बघितलं आणि ते पुन्हा पेपराकडे गेले. रागाचंही असं असतं, तो ज्याच्यासाठी आला त्यालाच नको असतो, मग तो कुठे ठेवायचा ते कळत नाही.

मी वाजवायला तयार झाले. संक्रांतीच्या संध्याकाळी हॉल भरला होता. काळ्या साड्या, हलव्याचे दागिने घातलेली बाळं, तिळाचा आणि नव्या स्वेटरांचा वास. आत्या पहिल्या रांगेत बसल्या होत्या. मोतिया रंगाची जुनी रेशमी साडी नेसल्या होत्या, शाळेच्या निरोप समारंभाला नेसलेली. आम्ही वाद्यं लावली. निवेदिकेने कागद वाचला, "आता सादर होत आहे मार्बल ड्रीम्स. रचना आणि संगीत संयोजन, सौरभ तांबे. प्रेरणा, श्रीमती मालतीबाई."

प्रेरणा!

भागवतकाकांनी "काहीतरी केलं" होतं ते हे. जिने गत बांधली ती प्रेरणा झाली. नदी प्रेरणा असते, पाऊस प्रेरणा असतो. त्यांना काही करावं लागत नाही, नुसतं असावं लागतं. माझ्या आत्यांनी केलं होतं. मात्रा मोजल्या होत्या, खोडल्या होत्या, तारांनी बोटांना घट्टे पाडून घेतले होते. आणि वर श्रीमती, इकडे लग्न झालेल्या बाईलाच म्हणतात ते! जन्मभर कुणाची श्रीमती न होता जगलेल्या बाईला.

सुरुवात माझी होती. सौरभने मान हलवली. मी व्हायोलिनचा बो उचलला आणि खाली ठेवला. उभी राहिले.

"ही गत मालूआत्यांनी रचली आहे," मी म्हटलं. "भूकंपात. हिचं नाव मार्बल ड्रीम्स नाही."

वाटलं होतं तसं काही झालं नाही. माईक कीबोर्डजवळ होता, माझा आवाज चिरकला. पहिल्या दोन-तीन रांगांना ऐकू आलं, मागच्यांनी "काय झालं?" म्हणून एकमेकांना विचारलं. विंगेतून भागवतकाका हातवारे करत होते. सौरभ लाल झाला. कुणीतरी टाळी वाजवली, बहुधा समजून नाही. आणि आत्या? आत्या माझ्याकडे बघत नव्हत्या. मांडीवरच्या हातांकडे बघत होत्या. मी खाली बसले आणि सुरू केलं, कारण दुसरं काय करणार होते?

गत चांगली वाजली. हे मला मान्य करावं लागतं आणि त्याचाही मला राग येतो. आणि गंधारापाशी एक गोष्ट घडली. कागदावर तो सरळ लिहिला होता, आम्ही सगळे तालमीत तसाच वाजवत होतो. पण शुभांगीने त्या संध्याकाळी कागद बघितलाच नाही. तिने ओठांची पकड सैल केली आणि मध्यमावरून गंधार हळूच खाली सोडला. तो झुलला. क्लॅरिनेटमधून, दिलरुब्यासारखा. दुसऱ्या फेरीला मी तिच्यामागे गेले, तिसऱ्या फेरीला बासरी आली. कीबोर्डला ते करता येईना. सौरभ सरळ गंधार वाजवत राहिला आणि मग त्या जागी त्याने हात उचलून घेतला. आत्यांनी डोळे मिटले होते.

कार्यक्रमानंतर लोक सौरभला मिठ्या मारत होते. एका बाईंनी आत्यांच्या हातावर तिळगूळ ठेवत विचारलं, "तुम्हीच का प्रेरणा?" आत्या म्हणाल्या, "नाही. मी मालती."

ऑटोत आत्या रस्त्याकडे तोंड करून बसल्या. घरी येऊन शाल काढताना म्हणाल्या, "मी एवढ्या दिवसांनी ऐकायला बसले होते. पहिल्या स्वराच्या आधी मला भांडण ऐकावं लागलं." मी त्यांची शाल घडी करून ठेवली. माफी मात्र मागितली नाही. मला आजही वाटतं की माझं बरोबर होतं. आणि मला आजही वाटतं की त्यांचंही बरोबर होतं. असं असू शकतं, हे मला गणिताने कधी शिकवलं नव्हतं.

मग सौरभने कार्यक्रमाचा व्हिडिओ इंटरनेटवर टाकला. मार्बल ड्रीम्स, रचना सौरभ तांबे. मी खाली लिहिलं की ही रचना मालती गोखले यांची आहे. संध्याकाळी बघितलं तर माझं वाक्य गायब. पुन्हा लिहिलं, पुन्हा गायब. तिसऱ्यांदा मला तिथे लिहिताच येईना. त्याने दरवाजाच बंद केला होता. वाटेत भेटला तर तसाच हसून म्हणाला, "नमस्ते काकू." आजही म्हणतो. त्याला दुसऱ्या शहरांतून बोलावणी येतात, तिथे तो ती वाजवतो. कुणी त्याला काही म्हटलं नाही, त्याचं काही बिघडलं नाही. ज्यांना शेवटी खोट्याचा पराभव झालेला आवडतो त्यांची मी माफी मागते. झाला नाही.

पण पुढच्या मटाराच्या मोसमात मी ते सॉफ्टवेअर शिकले. फुकट मिळणारं एक असतं, ते मुलाने फोनवर सांगत सांगत माझ्या जुन्या लॅपटॉपवर उतरवून दिलं. पाच रेषा मला व्हायोलिनमुळे थोड्या येत होत्या, बाकी सगळं रागाच्या भरात आलं. साठीला टेकलेली बाई रागात किती शिकू शकते याची कुणाला कल्पना नाही. गच्चीवर आत्या गात आणि मी एकेक ठिपका ठेवत असे. मध्येच त्या म्हणत, "इथे श्वास लिही." मी म्हणे, "श्वास कसा लिहू?" मग शोधलं, तर श्वासाचीही खूण निघाली. एवढासा स्वल्पविराम. आत्या त्या स्वल्पविरामाकडे बघून शाळेतल्यासारख्या खूश झाल्या.

गंधाराला मात्र घाम काढला. ओढ लिहिली तर कंप लागेना, कंप लिहिला तर तो फोनच्या घंटीसारखा वाजे. आत्या कंटाळून म्हणाल्या, "वर मराठीत लिहून टाक, गाऊन शिका." मी तसंच लिहिलं. ते अजून तिथे आहे.

क्लॅरिनेटचा कागद मी पहिल्यांदा उलटा केला. एक स्वर वर न्यायच्या ऐवजी खाली नेला. शुभांगीच्या सदरच्या घरी आम्ही दोघींनी वाजवायला सुरुवात केली आणि तिच्या घरातलं कुत्रं उठून दुसऱ्या खोलीत गेलं. आम्ही डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसलो. मग तिने शांतपणे दाखवलं की कळ एकच आहे, पण कुठल्या बाजूला नेतोय ते दर वेळी आपल्या कानाला विचारावं लागतं. मग मी दिलरुब्यासाठी आणि सतारीसाठी मूळ काळी एकमध्येच एक कागद केला, व्हायोलिनचा, बासरीचा, क्लॅरिनेटचा वेगवेगळा केला.

शेवटी नावाची खिडकी आली. मी विचारलं, "आत्या, कसं लिहू?"

"मालती गोखले. पुढे काही नको, मागे काही नको."

"आणि गतीचं नाव?"

"तंबूतली गत. ते काय बदलायचं?" मग त्या म्हणाल्या, "आणि खाली मांडणी म्हणून तुझं टाक."

"माझं कशाला?"

"तू मांडलीस ना? जेवढं केलंस तेवढं लिही. कमीही लिहू नको, ती पण लबाडीच असते."

मी लिहिलं. कुणालाही उतरवून घेता येईल असं ते इंटरनेटवर ठेवलं, खाली माझा फोन नंबर टाकला. पुष्कळ महिने काही झालं नाही. बघणाऱ्यांचा आकडा दिसतो तिथे. तो मी रोज बघायची आणि तो आत्यांना सांगायची नाही, यावरून काय ते समजा.

यंदा परवा फोन आला. अनोळखी नंबर, मुलीचा आवाज, हिंदी-मराठी दोन्हींत अडखळत. बालाघाटची, एका शाळेत संगीत शिकवते. तिच्या मुलींना तंबूतली गत सतारीवर आणि हार्मोनियमवर बसवायची होती.

"दीदी, एक पूछना था," ती म्हणाली. "आमच्या सतारी पांढरी दोनमध्ये लावल्या आहेत. रचना काळी एकमध्ये आहे ना. तर हम आधा सुर ऊपर कर लें, तर चालेल का? बिना पूछे करना ठीक नहीं लगा."

शेजारी आत्या बसल्या होत्या. मी म्हटलं, "मला नको विचारूस. जिची आहे तिलाच विचार," आणि फोन त्यांच्या हातात दिला.

आत्यांनी दोन्ही हातांनी फोन कानाला धरला. पलीकडून पुन्हा तेच विचारलं गेलं असावं. आत्यांचा चेहरा मी इतक्या वर्षांत तसा बघितला नव्हता. त्या हसल्या नाहीत, डोळ्यांत पाणीही आलं नाही. पाठ ताठ झाली, वर्गात शिरताना व्हायची तशी.

"चालेल," त्या म्हणाल्या. "पट्टी कुठलीही घे. पण तो गंधार कसा घेतेस? आधी मला गाऊन दाखव."

पलीकडे ती मुलगी गायली. मला ऐकू आलं नाही, आत्यांची मान हलताना दिसली.

"नाही," आत्या म्हणाल्या. "वरून ये. पुन्हा."